स्टेनहाउसच्या मागोमाग, वीस वर्षं

जून 1850. तुम्ही साउदॅम्प्टन बंदराच्या धक्क्यावर उभे आहात. दगडी कोळशाचा धूर घशाशी बसतो आहे आणि हमालांच्या गर्दीतून तुम्हांला तीन माणसं शोधायची आहेत. एक लोरेन्झो स्नो. अमेरिकन, छत्तीस वर्षांचा, मॉर्मन पंथाच्या बारा प्रेषितांपैकी एक. दुसरा जोसेफ टोरोन्टो, जन्माने सिसिलीचा, एके काळचा खलाशी. तिसरा तुमचा माणूस: टॉमस ब्राउन होम्स स्टेनहाउस, स्कॉटलंडातल्या डॅल्कीथचा, पंचविशीतला. याच साउदॅम्प्टनमध्ये त्याने प्रवचनं केली, लोकांना बाप्तिस्मा दिला, मंडळी उभी केली. आता तिघे फ्रान्समार्गे इटलीला निघाले आहेत. मॉर्मन मिशनऱ्याला पगार नसतो. गाठीला पैसा न बांधता निघायचं, वाटेतले लोक जेवू घालतील आणि आसरा देतील, हा त्यांचा नेम आहे आणि त्यावर त्यांचा खरोखर भरवसा आहे.

बोट सुटेल. तुम्ही मात्र तिच्यात चढू नका. मागे फिरा आणि गावात या, फॅनीकडे.

फॅनी वॉर्न ही जर्सी बेटावरच्या सेंट हेलियरची. काही वर्षं फ्रान्समध्ये शिक्षिका होती, त्यामुळे फ्रेंच अस्खलित. आईवडील आधीच मॉर्मन झालेले. त्यांना भेटायला आली आणि तिनेही बाप्तिस्मा घेतला. फेब्रुवारीत टॉमसशी लग्न झालं. संसाराला चार महिने होत आहेत, पोटात मूल आहे, आणि नवरा परक्या मुलखात निघून गेला आहे. ती रडली असेल, पण तिने अडवलेलं नाही, कारण तिचीही तितकीच श्रद्धा आहे. मंडळींनी तिला सांभाळावं असं ठरलं होतं. पण मंडळी म्हणजे कोण? हातावर पोट असलेली बंदरातली माणसं. थोड्याच दिवसांत तिच्या खाण्याचे हाल सुरू होतात. त्या उपासमारीबद्दल तिने पुढे स्वतः लिहिलं आहे. मुलगी जन्मते, तिचं नाव क्लारा. वडील तेव्हा आल्प्सच्या पलीकडे असतात.

या माणसाचा हिशोब मला इथूनच मांडावासा वाटतो. श्रद्धा दोघांची होती, त्याग दोघांचा होता, पण पहिला हप्ता तिने भरला.

आता तुम्ही त्याच्यामागे जा. 19 सप्टेंबर 1850. पिडमाँटमधल्या तोर्रे पेल्लिचे या गावामागचा डोंगर तुम्ही चढता आहात. खालच्या दऱ्यांमध्ये वाल्डेन्सियन लोक राहतात. मार्टिन ल्यूथरच्या कितीतरी आधीपासून रोमच्या पोपला न जुमानणारे, त्यापायी शतकानुशतकं कत्तली सोसलेले. त्यांना नागरी हक्क मिळून अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. राजा कार्लो आल्बेर्तोने फेब्रुवारी 1848 मध्ये ते दिले. स्नोने हा मुलूख विचार करून निवडला आहे. डोंगरावर पोचल्यावर मिशनरी प्रार्थना करतात, इटलीतल्या मॉर्मन मंडळीची स्थापना जाहीर करतात आणि डोंगराला आपल्या नेत्याचं, ब्रिगहॅम यंगचं नाव देतात. तुम्ही दगडावर बसून ऐकता. हसू नका. मूठभर माणसं एका अनोळखी देशाला आपला म्हणताहेत, त्या देशात त्यांच्या पंथाचा अजून एकही बाप्तिस्मा झालेला नाही, आणि त्यांच्या आवाजात जराही लटकेपणा नाही.

पण त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये काय घडलं, तेही तुम्हांला माहीत असायला हवं. जुलै 1850, बुलोन गाव. मॉर्मनांचा दुसरा एक प्रेषित, जॉन टेलर, इंग्लिश पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होता. पाद्र्यांनी आरोप केला की तुमच्यात एकेका पुरुषाला अनेक बायका असतात. टेलरने तो साफ नाकारला. एका पुरुषाने एकच पत्नी करावी, हे पंथाच्या छापील ग्रंथातलं वचन त्याने वाचून दाखवलं. त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या घरी अनेक बायका होत्या. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला बहुपत्नीकत्वाचा साक्षात्कार झाल्याचं सांगितलं जातं, त्यावर तारीख आहे 12 जुलै 1843. म्हणजे सात वर्षं ही चाल आत होती आणि बाहेर नाकारली जात होती. टेलरच्या त्या वादाची पुस्तिका लिव्हरपूलला छापली गेली, आणि स्टेनहाउससारखे तरुण मिशनरी तिच्यावर विसंबून लोकांना शपथेवर सांगत राहिले की हे सगळं आमच्या शत्रूंनी रचलेलं कुभांड आहे.

स्नो त्याला स्वित्झर्लंडला धाडतो. पुढच्या वर्षी फॅनी आणि क्लाराही तिथे पोचतात. तुम्ही जिनीव्हाच्या सरोवराकाठी चालता. थंडी हाडात शिरते. फ्रेंच बोलणाऱ्या या मुलखात फॅनीची भाषा नवऱ्याला फार उपयोगी पडते. 1853 मध्ये तो 'ल रेफ्लेक्तर' नावाचं फ्रेंच मासिक काढतो. पुढे ज्या धंद्याने त्याला मोठं केलं आणि ज्या धंद्यानेच पंथाबाहेर काढलं, त्या वृत्तपत्राच्या धंद्यातलं त्याचं हे पहिलं पाऊल. ताज्या शाईचा वास तुम्हांलाही आवडतो. आणि याच काळात घरात ती बातमी येते.

29 ऑगस्ट 1852 रोजी सॉल्ट लेक सिटीत पंथाने बहुपत्नीकत्व जाहीरपणे मान्य केलं. 1853 च्या जानेवारीत मॉर्मनांच्या 'मिलेनियल स्टार' या इंग्लंडमधल्या नियतकालिकाने तो साक्षात्कार छापला. कुजबुज टॉमसच्या कानावर आधीच आली होती आणि त्याने ती बायकोला सांगितलीही होती. पण आता ते छापील कागदावर होतं. देवाचा हुकूम म्हणून. त्यात पहिल्या पत्नीला ताकीद होती: मान्य कर, नाहीतर तुझा नाश होईल. तुम्ही त्या खोलीत उभे राहा. फॅनी तो मजकूर शेवटपर्यंत वाचू शकत नाही. ज्या धर्मासाठी ती उपाशी राहिली, त्या धर्माने तिला सांगितलं की तुझं लग्न तू समजत होतीस तसं नाहीच.

यानंतरचं मला अधिक क्रूर वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या मॉर्मन बायकांना हे समजावून सांगण्याचं काम फॅनीवर आलं. मिशनऱ्याची बायको, फ्रेंच बोलणारी, म्हणून तिनेच सांगायचं. त्या बायकांनी तिच्याच तोंडून हा धर्म ऐकला होता, तिच्यावर जीव लावला होता. ती एकेकीच्या घरी जाते. समोरची बाई आधी खोटं समजते, मग रडते, मग विचारते की तू हे मान्य केलंस का? फॅनी मान खाली घालून हो म्हणते. तिला ते मनातून पटलेलं नाही. पण पटत नाही म्हणजे आपलीच श्रद्धा तोकडी आहे, असं तिला शिकवलेलं आहे.

आणि टॉमस? तो दुष्ट नाही. हे तुम्ही नीट पाहून घ्या, कारण त्याला खलनायक ठरवलं की त्याचं आयुष्य कळेनासं होतं. त्यालाही धक्का बसला आहे. पण त्याने तीन देशांत माणसं जमवली आहेत, बायकोला उपाशी ठेवलं आहे, लोकांपुढे आपला शब्द गहाण टाकला आहे. आता हे चूक म्हणायचं, तर ते सगळं पाण्यात गेलं असं म्हणावं लागेल. म्हणून तो शंका बाजूला सारतो आणि अधिक जोमाने काम करतो.

इथे क्षणभर आपल्या मुलखाकडे वळा. ज्या स्नोने स्टेनहाउसला आल्प्स ओलांडायला लावलं, त्यानेच 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाच्या मिशनऱ्याला मुंबईला धाडलं. फिंडले मुंबईत उतरला तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी आणि इतर पंथांच्या पाद्र्यांनी त्याला घेरलं. मग तो पुण्याच्या लष्करी छावणीकडे गेला आणि तिथे त्याने थोडक्या माणसांची मंडळी जमवली. सॉल्ट लेकहून निघालेले आणखी मिशनरी 1853 मध्ये हिंदुस्थानात पोचले, तेव्हा बहुपत्नीकत्वाची बातमी त्यांच्या आधीच येऊन बसली होती. थोड्याच वर्षांत ते सारे परतले. म्हणजे जिनीव्हातल्या त्या खोलीत फॅनीसमोर जो कागद पडला, त्याची झळ पुण्याच्या छावणीपर्यंत लागली होती.

पुढची काही वर्षं आपण भरभर ओलांडू. इंग्लंड, मग समुद्र, मग न्यूयॉर्क. तिथे टॉमस त्याच जॉन टेलरच्या 'द मॉर्मन' या साप्ताहिकात काम करतो, शहरातल्या मोठ्या दैनिकांसाठी लिहितो, बातमी कशी विकली जाते ते शिकतो. 1859 च्या उन्हाळ्यात कुटुंब पश्चिमेला निघतं. बैल जुंपलेल्या गाड्यांचा तांडा, वाळलेल्या गवताचा अंत नसलेला माळ, संध्याकाळी पाण्याच्या शोधात थांबणं. तुम्ही गाडीच्या मागून चालत राहा. कित्येक आठवड्यांनी डोंगर उतरताना खाली खोरं दिसतं: सरळ आखलेले रुंद रस्ते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खेळवलेले पाण्याचे पाट, कच्च्या विटांची घरं, फळझाडं. वाळवंटात बारा वर्षांत उभं केलेलं हे शहर पाहून तुमचाही ऊर भरून येईल. येऊ द्या. टॉमसने पुढे पंथ सोडला तरी या लोकांच्या मेहनतीचं कौतुक कधी सोडलं नाही.

सॉल्ट लेक सिटीत तो चढत जातो. वृत्तपत्रात काम, मग पोस्टमास्तरकी, ब्रिगहॅम यंगच्या बैठकीत ऊठबस. फॅनी बायकांच्या टोप्या शिवण्याचं दुकान काढते. ब्रिगहॅमच्या घरच्या बायकांसाठी ती टोप्या करते, आणि बिलाची रक्कम तिच्या हाती पडण्याऐवजी नवऱ्याने पंथाला द्यायच्या दशमांशात वळती होते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथाला द्यायचा, हा तिथला नियम. कष्ट तिचे, पुण्य त्याच्या खात्यावर. तिने हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं.

मग बहुपत्नीकत्व घरापर्यंत येतं. बढती मिळालेल्या माणसाने एकाच बायकोवर थांबणं तिथे संशयास्पद होतं. 1860 च्या दशकाचा पूर्वार्ध. तुम्ही एंडाउमेंट हाउस नावाच्या इमारतीत आहात. बाहेरच्या माणसाला इथे प्रवेश नाही, तुम्हांला कुणी पाहू शकत नाही म्हणून तुम्ही आहात. वेदीपाशी टॉमस आहे. त्याच्यासमोर बेलिंडा, दिवंगत प्रेषित पार्ली प्रॅटची मुलगी, अगदी कोवळ्या वयाची. आणि दोघांमध्ये फॅनी. विधी असा की पहिल्या पत्नीने नव्या वधूचा हात आपल्या हाताने उचलून नवऱ्याच्या उजव्या हातात द्यायचा. सवत आणायची, तीही स्वतःच्या हाताने. फॅनी देते. या क्षणाबद्दल तिने जे लिहिलं आहे ते वाचताना पान उलटवत नाही. आणि बेलिंडाकडेही बघा.

एवढ्यावर थांबलं नाही. पुढे ब्रिगहॅम यंगच्या एका मुलीशी टॉमसच्या तिसऱ्या लग्नाची बोलणी चालली, ती फिसकटली. आणि साउदॅम्प्टनमध्ये जन्मलेली ती क्लारा, आता उपवर झालेली, ब्रिगहॅमच्या थोरल्या मुलाला, जोसेफ ए. यंगला दिली गेली. त्याच्या घरी आधीच बायका होत्या. आईने जे सोसलं, तेच मुलीच्या पदरात. टॉमसने या सगळ्याला मान्यता दिली होती.

4 जुलै 1864. चला, छापखान्यात. टॉमस 'सॉल्ट लेक डेली टेलिग्राफ' सुरू करतो आहे. तारायंत्र या शहरात येऊन तीन वर्षं होत आहेत. पूर्वेकडची यादवी, वॉशिंग्टनच्या खबरी, बाजारभाव रोज तारेवरून येतात. जुळारी खिळे जुळवतात, तुम्ही कोपऱ्यात उभं राहून टक्टक् ऐकता. मला वाटतं, टॉमसच्या मनाला पहिली भेग इथे पडली. ज्याला रोज बाहेरचं जग कागदावर उतरवावं लागतं, त्याला फार काळ एकाच माणसाच्या शब्दाबाहेर सत्य नाही असं मानून राहता येत नाही. पण ती भेग रुंदावायला आणखी पाच वर्षं लागली.

10 मे 1869 रोजी युटामध्येच पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची रेल्वे जोडली गेली. ब्रिगहॅम यंगने टॉमसला सल्ला दिला की वृत्तपत्र ऑग्डेनला हलव, तिथे रेल्वेचं जंक्शन होणार. त्या गावात ब्रिगहॅमचा सल्ला म्हणजे हुकूम असे. टॉमसने यंत्रं, खिळे, माणसं उचलली आणि ऑग्डेनला नेली. सॉल्ट लेकमधली जाहिरात गेली, वर्गणीदार गेले. वर्ष सरायच्या आत धंदा बुडाला. सल्ला मानला तरी बुडालो आणि सल्ला देणाऱ्याला जाब विचारायची सोय नाही, हे त्याला स्वतःच्या खिशातून कळलं.

मला हे बोचतं. सोळा वर्षांपूर्वी फॅनीला जे आपल्या काळजातून कळलं होतं, ते त्याला दिवाळं निघाल्यावर कळलं. पण कळलं, हेही खरं. पुष्कळांना दिवाळं निघूनही कळत नाही.

त्याच वर्षी शहरात आणखी काही जण बोलू लागले होते. विल्यम गॉडबी हा मोठा व्यापारी आणि ई. एल. टी. हॅरिसन हा लेखक यांनी 'युटा मॅगझिन'मधून लिहिलं की या प्रदेशाचं भविष्य खाणींमध्ये आहे. ब्रिगहॅमला शेती हवी होती, पंथाच्या मालकीचं सहकारी दुकान हवं होतं, बाहेरच्या व्यापाऱ्यांवर बहिष्कार हवा होता. 25 ऑक्टोबर 1869 रोजी गॉडबी आणि हॅरिसन यांची चौकशी झाली. तुम्ही मागच्या बाकावर बसा. प्रश्न मुळात एकच आहे: धर्माच्याच काय, पैशाच्या आणि धंद्याच्या बाबतीतही ब्रिगहॅम सांगेल ते मानणार की नाही? दोघे नाही म्हणाले. दोघांना बहिष्कृत केलं. त्यांच्या गटाने पुढच्या जानेवारीत जे पत्र काढलं, तेच पुढे 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' झालं.

टॉमस त्यांच्याकडे सरकला. पंथाच्या बैठकांना जाणं त्याने सोडलं, गैरहजेरीची दखल घेतली गेली. 1870 मध्ये टॉमस आणि फॅनी दोघांनी आपली नावं पंथातून काढून घेतली. बेलिंडाशी असलेलं नातंही संपलं. ओळखीचे लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले. गाव वाळीत टाकतं तेव्हा काय होतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आणि क्लारा आतच राहिली, यंग घराण्याची सून म्हणून. आईबाप बाहेर, लेक आत.

1870 च्या ऑगस्टअखेरची ती रात्र. टॉमस आणि फॅनी घरी चालले आहेत, तुम्ही चार पावलं मागे. झाडांच्या काळोखातून काही माणसं पुढे येतात आणि पिचकाऱ्यांनी दोघांवर घाण उडवून पळून जातात. फॅनीच्या केसांतून, कपड्यांवरून ती निथळते आहे. तुम्हांला ओरडता येत नाही, कुणाला धरता येत नाही. हल्लेखोर कोण, हे कधीच शाबीत झालं नाही. वीस वर्षांपूर्वी देवाच्या नावाने घरदार सोडलेल्या जोडप्याला त्यांच्याच संतांच्या नगरीत मिळालेला हा निरोप होता.

यानंतर दोघांनी लेखणी उचलली, आणि पहिली फॅनीने. 1872 मध्ये युटातल्या बहुपत्नीकत्वावरचं तिचं पुस्तक न्यूयॉर्कला निघालं. 1874 मध्ये तिने ते वाढवून 'टेल इट ऑल' या नावाने काढलं. त्याला कादंबरीकार हॅरिएट बीचर स्टोची प्रस्तावना आहे. मधल्या वर्षी, 1873 मध्ये, टॉमसचं 'द रॉकी माउंटन सेंट्स' आलं, सातशेहून अधिक पानांचं. त्यात त्याने माउंटन मेडोजच्या कत्तलीवर विस्ताराने लिहिलं. 11 सप्टेंबर 1857 रोजी त्या माळावर कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे एकशेवीस प्रवाशांना मॉर्मन सैनिकांनी ठार केलं होतं. त्यात लहान मुलंही होती. या कत्तलीबद्दल शिक्षा झालेला एकमेव माणूस, जॉन डी. ली, त्याला गोळ्या घातल्या गेल्या त्या 1877 मध्ये; टॉमसचं पुस्तक त्याच्या चार वर्षं आधीचं. तरीही त्या पुस्तकात सूडाची भाषा नाही. नेत्यांच्या चुका तो नेत्यांच्या नावावर मांडतो आणि साध्या श्रद्धाळू माणसांना त्यांचं श्रेय देतो. पंथ सोडलेल्या माणसाच्या हातून एवढं न्यायी लिखाण क्वचित झालं आहे, आणि म्हणून मी त्याला मानतो.

टॉमस 1882 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला. फॅनी व्याख्यानं देत राहिली. 1890 मध्ये पंथाने बहुपत्नीकत्व अधिकृतपणे थांबवलं, तेव्हा ती हयात होती. ती गेली 1904 मध्ये.

दोघांची पुस्तकं आज सहज मिळतात. टॉमसचं वाचाच, मॉर्मन इतिहास समजून घ्यायला त्याला पर्याय नाही. पण सुरुवात फॅनीच्या पुस्तकाने करा.